धारूरच्या बाईची पिशवी आणि जिनिव्हाचा थकलेला अहवाल

बालाघाट (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. विषय लांबचा वाटेल, तरी शेवटपर्यंत वाचा.

मी बीड जिल्ह्यातल्या धारूर तालुक्यात ऊसतोड बायकांबरोबर काम करते. चौदा वर्षं झाली. दोनशे पानी नऊ वह्या भरल्यात. नाव, गाव, लग्न कितव्या वर्षी झालं, लेकरं किती, कोणता कारखाना, मुकादमाची उचल (आगाऊ रक्कम) किती घेतली, पिशवी काढली का, काढली तर कुठं आणि कितव्या वर्षी. बाहेरच्यांसाठी सांगते, इकडं गर्भाशयाला कुणी गर्भाशय म्हणत नाही. पिशवी म्हणतात.

मागच्या दिवाळीआधी टोळ्या निघायच्या गडबडीत एक बाई भेटली. ट्रकमध्ये पेटी, भांडी, सरपण, शेळी सगळं चढवून झालं होतं. मला बघून ती परत खाली उतरली. पेटीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला कागद काढला. दवाखान्यातून सुट्टी देताना दिलेलं कार्ड होतं. त्यावर वय लिहिलेलं ३८. मी म्हटलं, अगं, तुझं थोरलं लेकरू आत्ता कुठं सहावीला गेलंय. ती म्हणाली, "मला तवा सव्वीसावं चालू होतं. ते म्हणले वय वाढवून लिवू, म्हंजी कागदाला कुणी नाव ठेवणार नाही."

मग तिनं मलाच विचारलं, "ताई, तुमी दरसाल येऊन लिहून नेता. ह्ये जातंय कुठं?"

ट्रक निघून गेला. प्रश्न माझ्याजवळ राहिला. म्हणून शोध घ्यायला बसले.

ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचं बीडचं प्रकरण २०१९ मध्ये गाजलं हे तुम्हाला माहीत आहे. राज्य सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली आणि त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे साधारण सहातली एक. हा आकडा वाचला की आजही मला त्या वह्यांतली एकेक ओळ दिसते.

आता जिनिव्हाकडं येते, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समित्या बसतात तिथं. स्त्रियांवरील सर्व प्रकारच्या भेदभावाचं निर्मूलन करण्याचा जो आंतरराष्ट्रीय करार आहे, ज्याला आपण सीडॉ म्हणतो, तो भारतानं ९ जुलै १९९३ ला मान्य केला. त्यातलं कलम १२ आरोग्याबद्दल आहे. कलम १४ तर खास खेड्यातल्या बाईसाठी लिहिलेलं आहे. आणि कलम १८ सांगतं की सरकारनं दर चार वर्षांनी अहवाल द्यायचा, आमच्या देशात या हक्कांचं काय चाललंय म्हणून. तो अहवाल २३ तज्ज्ञांची समिती वाचते, सरकारच्या शिष्टमंडळाला समोर बसवून प्रश्न विचारते आणि शेवटी लेखी निरीक्षणं देते.

भारताचा चौथा व पाचवा एकत्र अहवाल जुलै २०१४ मध्ये तपासला गेला. पुढच्याची मुदत होती जुलै २०१८. मुदत पाळली गेली असती तर बीडचा प्रश्न ऐन पेटलेला असताना, २०१९-२० च्या सुमारास, दिल्लीच्या अधिकाऱ्यांना जगासमोर उत्तर द्यावं लागलं असतं. ती तारीख आलीच नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की अहवाल थकतो तेव्हा उत्तर द्यायचा दिवसच पुढं ढकलला जातो, आणि त्या मधल्या काळात ज्या बाईचं नुकसान होतं तिचा प्रश्न कुणीच विचारत नाही. यावर इथल्या जाणत्यांनी लिहावं. वकील असतील, सरकारी नोकरीतले असतील, आशाताई असतील, सगळ्यांनी.

---

मांजराकाठ

ताई, चांगला विषय काढलात. मी लातूरचा. तुम्ही सीडॉचं लिहिलंत, मी दुसऱ्या कराराचं लिहितो. आर्थिक, सामाजिक आणि सांस्कृतिक हक्कांचा करार. भारत त्यात १० एप्रिल १९७९ पासून आहे. अन्न, घर, आरोग्य, काम, शिक्षण सगळं त्यात येतं. पाण्याचा शब्द मूळ करारात नाही, पण समितीनं २००२ मध्ये पंधराव्या सर्वसाधारण अभिप्रायात स्पष्ट केलं की पाणीही त्यातच आलं. पुढं २८ जुलै २०१० ला संयुक्त राष्ट्रांच्या महासभेनं पाणी हा मानवी हक्क मानला, तेव्हा भारतानं बाजूनं मत दिलं.

या कराराखाली भारताची शेवटची तपासणी मे २००८ मध्ये झाली. दुसऱ्यापासून पाचव्यापर्यंतचे अहवाल एकत्र करून दिले होते, म्हणजे तेही थकलेलेच. त्या वेळी समितीनं शेतकरी आत्महत्यांबद्दल स्पष्ट शब्दांत चिंता व्यक्त केली होती. मराठवाड्यातला माणूस म्हणून मला ते वाचून गलबलून आलं. आपल्या बांधावरचं दुःख तिथं कुणीतरी कागदावर घेतलं होतं. पुढचा अहवाल ३० जून २०११ पर्यंत मागितला होता.

आता हिशेब करा. २०११ नंतर साधारण पाच वर्षांनी पुढची पाळी. म्हणजे २०१६. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला काय झालं? मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या खेपेला दहा वाघिणी (रेल्वेच्या टाक्या), पाच लाख लिटर. मी स्टेशनवर गेलो होतो. माणसं वाघिणींना हात लावून बघत होती. माझी आई तेव्हा आठवड्यातून एकदा कपडे धुवायची आणि ते पाणी बादलीत धरून संडासाला वापरायची. आमच्या गल्लीत टँकर आला की पोरं शाळा बुडवून कळशा धरायची, टँकरपाशी जमावबंदी होती.

देशभर गाजलेली ही गोष्ट. पण "लातूरच्या माणसाला माणशी किती लिटर मिळालं, सहा महिन्यांपूर्वी तुम्हाला हे दिसलं नव्हतं का, उसाला किती पाणी गेलं" हे अधिकृतपणे विचारायची जी एक जागा होती, तिथं २००८ नंतरचा कागदच पोचला नव्हता.

---

पैठणगेट

मी वेगळं मत मांडतो, राग मानू नका. आपल्या घरचे प्रश्न जिनिव्हाला कशाला न्यायचे? आपल्याकडं न्यायालयं आहेत, विधानसभा आहे, मानवाधिकार आयोग आहे. परदेशी माणसांनी दोन दिवसांत आपला देश समजून घ्यायचा आणि शेरे मारायचे, हे मला पटत नाही. शिवाय ज्या अमेरिकेचं सगळे ऐकतात तिनं आर्थिक-सामाजिक हक्कांचा करार आजवर मान्यच केलेला नाही. मग आपणच का इतकं मनाला लावून घ्यायचं? बीडच्या बायकांचं दुःख मला कळतं. माझी मावशी त्याच फडावर राबली. पण उपाय बीडला आणि मुंबईला आहे असं मला वाटतं.

---

खंडपीठ

@पैठणगेट, तुमचा आक्षेप रास्त आहे, म्हणून नीट उत्तर देतो. मी इथल्या खंडपीठात वकिली करतो.

हे करार आपल्यावर कुणी लादलेले नाहीत. भारत सरकारनं स्वतः सही केली, स्वतः मान्य केले, जिथं पटलं नाही तिथं तसं लिहूनही दिलं. सीडॉच्या कलम १६ वर भारताची घोषणा आहे की समाजांच्या व्यक्तिगत बाबींत त्यांच्या पुढाकाराशिवाय ढवळाढवळ करणार नाही. म्हणजे विचार करून केलेली सही आहे. राज्यघटनेच्या कलम ५१ मध्ये आंतरराष्ट्रीय कायदा आणि करारांबद्दल आदर जोपासायला सांगितलंय. कलम २५३ नं संसदेला करार अमलात आणण्यासाठी कायदा करायचा अधिकार दिलाय. १९९३ चा मानवाधिकार संरक्षण कायदा, ज्याखाली तुम्ही म्हणता तो आयोग आला, तो "मानवी हक्क" या शब्दाची व्याख्या करतानाच घटना आणि आंतरराष्ट्रीय करार या दोन्हींचं नाव घेतो. तेव्हा आयोग आपला आणि करार परका, अशी वाटणी कायद्यातच नाही.

आणि याचा उपयोग आपल्याच न्यायालयात होतो. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबद्दल देशात कायदा नव्हता. सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट १९९७ मध्ये विशाखा निकालात सीडॉचा आधार घेऊन मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. संसदेचा कायदा आला २०१३ मध्ये. मधली सोळा वर्षं आपल्या आयाबहिणींना जे काही संरक्षण मिळालं ते त्या निकालातून.

अमेरिकेचं म्हणाल तर तिनं जे मान्य केलं नाही त्याचा अहवाल तिला द्यावा लागत नाही. आपण मान्य केलंय.

उशिराबद्दल सगळ्यात ठळक उदाहरण नागरी व राजकीय हक्कांच्या कराराचं आहे. भारताचा तिसरा अहवाल १९९७ मध्ये तपासला गेला. चौथ्याची मुदत ३१ डिसेंबर २००१. तो दिला गेला २०२१ मध्ये आणि त्याची तपासणी झाली १५ व १६ जुलै २०२४ ला. शिष्टमंडळाचं नेतृत्व महान्यायवादींनी केलं. दोन तपासण्यांत सत्तावीस वर्षं. माझ्याकडं कोठडीत मारहाण झालेल्यांची प्रकरणं येतात, त्यातली निम्मी पोरं १९९७ ला जन्मलेलीही नव्हती.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. उशीर फक्त सरकारांचा नाही. २०२१ ला आलेला अहवाल समितीनं २०२४ ला घेतला. तिथंही फायलींचा ढीग आहे, पैशांची टंचाई आहे. जगभरच्या कितीतरी देशांचे अहवाल मुदतीत येत नाहीत. सगळे मुदतीत आले तर समित्यांना ते वाचायला वेळ पुरणार नाही, अशी आजची स्थिती आहे.

---

निवृत्त_लिपिक

मी एकतीस वर्षं जिल्ह्याच्या एका कार्यालयात सांख्यिकीच्या टेबलावर काढली. कार्यालयाचं नाव लिहीत नाही. ताई, तुम्ही विचारलंत की लिहिलेलं जातं कुठं. मला जेवढं दिसलं तेवढं सांगतो.

दिल्लीहून मुंबईला पत्र येतं, मुंबईहून विभागाला, विभागातून जिल्ह्याला, जिल्ह्यातून तालुक्याला. प्रत्येक टप्प्यावर वर एक नवं आवरणपत्र चढतं. आमच्या टेबलावर येईपर्यंत मूळ पत्रात काय होतं, कशासाठी होतं, ते दिसायचंच नाही. दिसायचा फक्त विहित नमुना आणि "अतितातडीचे, आजच सादर करावे" हा शेरा. एकदा महिलांच्या आरोग्याचा एक नमुना आला. सोळा रकाने. सोबत ओळ अशी, "विहित मुदतीत माहिती प्राप्त न झाल्यास निरंक समजण्यात येईल."

तालुक्यांकडून दोन दिवसांत कुठून माहिती येणार? त्यांनी निरंक, म्हणजे 'काही नाही', अशी पाठवली. मी बेरीज करून जिल्ह्याची निरंक पाठवली. सही साहेबांची, अक्षर माझं. ज्या रकान्याखाली मी ती रेघ मारली तो कशाचा होता हे आज आठवत नाही, आणि त्याचंच मला वाईट वाटतं. तो कागद पुढं कोणत्या अहवालात गेला, गेला की नाही, मला कधी कळलं नाही. पण आता वाटतं की कुणी सांगितलं असतं, बाबा रे, हे आकडे देशाच्या नावानं जगासमोर जाणार आहेत, तर मी दोन फोन जास्त केले असते. धारूरला केला असता, वडवणीला केला असता.

उशीर का होतो असं विचारता, तर उशिराचं एक कारण हे आहे. खालच्या माणसाला कागदाचं प्रयोजन माहीत नसतं. नुसती स्मरणपत्रं येत राहतात. स्मरणपत्र क्रमांक १, २, ३. तिसऱ्यानंतर निरंक जातं.

---

बालाघाट (धागाकर्ती)

काका, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. इतकं सरळ कुणी सांगत नाही. माझ्या १३,८६१ मधल्या किती जणी त्याआधी कुठल्या ना कुठल्या निरंकमध्ये गेल्या असतील, असं मनात आलं.

@पैठणगेट दादा, उपाय बीडला आणि मुंबईला आहे हे मलाही मान्य. पण बीडला आणि मुंबईला हलवायला कधी कधी बाहेरून प्रश्न यावा लागतो. गावात सरपंच ऐकत नाही तेव्हा आपण तहसीलला जातोच ना? गाव आपलं नाही म्हणून जात नाही, गाव आपलं आहे म्हणून जातो.

---

आशा_पाटोदा

मी आशा कार्यकर्ती आहे. लिहायची सवय नाही, चुकलं तर सांभाळून घ्या.

दसऱ्यापासून पाडव्यापर्यंत माझ्या वाडीत कुलपं असतात. म्हातारी माणसं आणि काही लेकरं राहतात. रजिस्टरला मी पेन्सिलनं "स्थलांतरित" लिहिते आणि परत आले की खोडते. त्या पाच-सहा महिन्यांत ती बाई कुणाच्याच रजिस्टरला नसते. फडावरच्या आशाला ती आपली वाटत नाही, आणि मला इथून दिसत नाही. पोटात दुखायला लागलं तर सुट्टी घेता येत नाही, नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरतात, एक बसला की दोघांचा खाडा. मग अंगावरून पांढरं जायचं, कंबर दुखायची तशीच ओढायची. परत आल्यावर दवाखान्यात जातात आणि तिथं सांगतात, पिशवी खराब झालीय, काढली नाही तर कॅन्सर हुईल. बाई भितेच ना. उचल घेऊन ऑपरेशन करते आणि ती फेडायला परत फडावर.

माझी विनंती एकच. मोजायचं असेल तर वैशाखात मोजा. मार्गशीर्षात येऊन आमच्या गावात बायकाच नाहीत असं लिहू नका.

---

मांजराकाठ

आशाताई, तुमची ही शेवटची ओळ सगळ्या सर्वेक्षणवाल्यांनी लिहून ठेवावी.

विचारलं की दिसतं, याचं एक उदाहरण देतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पिशवी काढल्याबद्दलचा प्रश्न चौथ्या फेरीत, २०१५-१६ मध्ये घातला गेला. त्याआधी देशाकडं याचा धड आकडाच नव्हता. पुढं बिहार, छत्तीसगड, राजस्थानातल्या अनावश्यक शस्त्रक्रियांबद्दल डॉ. नरेंद्र गुप्ता यांची जनहित याचिका होती, तिचा निकाल सर्वोच्च न्यायालयानं ५ एप्रिल २०२३ ला दिला. केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं सगळ्या राज्यांनी तीन महिन्यांत लागू करावीत असा आदेश आहे. हा निकाल आपल्यालाही लागू. आपल्या जिल्ह्यात किती दवाखान्यांच्या भिंतीवर तो पोचला, ते पाहायला हवं.

---

गोदाकाठ

नांदेडहून लिहितोय. तिसऱ्या एका कराराकडं लक्ष वेधतो, कारण त्याचा माझ्या आयुष्याशी संबंध आहे.

वंशभेद निर्मूलनाचा करार भारतानं ३ डिसेंबर १९६८ ला मान्य केला. दर दोन वर्षांनी अहवाल. शेवटची तपासणी झाली फेब्रुवारी २००७ मध्ये, पंधरा ते एकोणीस असे पाच अहवाल एकत्र बांधून. पुढचा मागितला होता ४ जानेवारी २०१० पर्यंत. ती मुदत उलटून दशक लोटलं तरी तो गेला नाही.

का गेला नाही याचं सरकारी कारण मी सांगू शकत नाही, पण त्या तपासणीत वाद कशावरून झाला ते नोंदलेलं आहे. करारात "वंशपरंपरा" हा शब्द आहे. समितीनं २००२ च्या एकोणतिसाव्या शिफारशीत म्हटलं की जातीवरून होणारा भेदभाव त्यात येतो. भारत सरकारची भूमिका अशी की जात म्हणजे वंश नव्हे, म्हणून या कराराखाली जातीचं उत्तर देणं लागत नाही. शास्त्र म्हणून जात आणि वंश एक नाहीत, हे मीही मानतो. पण समितीनं विचारलं होतं ते वेगळं. जन्मावरून माणसाला दूर ठेवता की नाही, एवढंच.

१९७८ मध्ये मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा, नामांतराचा, ठराव झाला आणि दलित वस्त्यांवर हल्ले झाले तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. आमच्या वस्तीतल्या जळक्या छपरांचा वास मला अजून येतो. पाऊस लागला होता, तरी धुमसत होतं. आजीनं ज्वारीचं अर्धं पोतं ओढून बाहेर काढलं आणि त्यावरच बसून राहिली. तेव्हा त्या कराराला दहा वर्षं झाली होती. आम्हाला असं काही असतं हे कळलं १९९४ ला नामविस्तार झाल्यावर, तेही एका अभ्यासवर्गात.

दुसरी गोष्ट, अहवाल थकण्याचं दुखणं आपल्याला घरातही आहे. घटनेच्या ३७१ (२) कलमात मराठवाड्यासाठी वैधानिक विकास मंडळाची तरतूद आहे आणि त्याच वाक्यात लिहिलंय की मंडळाच्या कामाचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढं ठेवायचा. मंडळ आलं १९९४ ला. ३० एप्रिल २०२० ला मुदत संपली आणि ते थांबलं. मंडळ नाही म्हणून अहवाल नाही, अहवाल नाही म्हणून अनुशेषावर सभागृहात बोलायला हातात कागद नाही. जिनिव्हा लांब आहे म्हणणाऱ्यांनी हे जवळचं उदाहरण बघावं. दोन्हीकडं तोच प्रकार आहे.

---

पैठणगेट

गोदाकाठ, तुमचा प्रतिसाद वाचून थांबलो. विकास मंडळाचा मुद्दा मला पटला. त्याच्या मुदतवाढीसाठी मी स्वतः निवेदनावर सह्या गोळा केल्या होत्या. तेव्हा आम्ही हेच म्हणत होतो की निदान वर्षाला एक कागद तरी सभागृहात येऊ द्या. मग तोच न्याय इथं का लावू नये, याला माझ्याकडं उत्तर नाही. जिनिव्हाबद्दलचा माझा संकोच पूर्ण गेलेला नाही, पण सही केली असेल तर अहवाल द्यायला हवा, एवढं मान्य करतो.

---

विधी_तृतीय_वर्ष

मी परभणीची. कोठडीतल्या छळाबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. छळविरोधी करारावर भारतानं १४ ऑक्टोबर १९९७ ला सही केली, पण मान्यता दिली नाही. त्यामुळं त्याचा अहवाल थकलेला नाही, तो मागितलाच जात नाही. लोकसभेनं २०१० मध्ये छळ प्रतिबंध विधेयक मंजूर केलं होतं, ते राज्यसभेच्या प्रवर समितीकडं गेलं आणि पुढं बारगळलं. विधी आयोगानं २०१७ मध्ये २७३ व्या अहवालात पुन्हा मान्यतेची शिफारस केली.

डिसेंबर २०२४ मध्ये आमच्या शहरात न्यायालयीन कोठडीत कायद्याचाच एक विद्यार्थी गेला. आमच्या वर्गात त्या आठवड्यात कुणी धड बोलत नव्हतं. सर फौजदारी प्रक्रिया शिकवत होते आणि अटकेच्या प्रकरणावर आल्यावर त्यांनी पुस्तक मिटलं.

---

खंडपीठ

@विधी_तृतीय_वर्ष, तुझी माहिती बरोबर आहे. फक्त एक जोड. नागरी व राजकीय हक्कांच्या करारातलं कलम ७ छळाला मनाई करतं आणि कलम १० कोठडीतल्या माणसाला माणुसकीनं वागवायला सांगतं. हे दोन्ही भारतावर बंधनकारक आहेत. म्हणून दार पूर्ण बंद नाही.

आता ताईंना आणि सगळ्यांना कामाचं सांगतो. सरकारी अहवालाबरोबर लोकांच्या संघटनाही समितीला आपला अहवाल देऊ शकतात, त्याला समांतर अहवाल म्हणतात. २००७ मध्ये दलित हक्कांच्या राष्ट्रीय मोहिमेनं असाच आवाज पोचवला होता. सरकारचा अहवाल मुळीच न आला तरी समित्या तपासणी करू शकतात. जुलै २००२ मध्ये गाम्बियाची तशी झाली. २०१४ च्या महासभेच्या ठरावानंतर एक सोपी पद्धतही रुळली, समिती आधी प्रश्न पाठवते आणि त्या प्रश्नांची उत्तरं हाच अहवाल. तेव्हा आपले प्रश्न समितीच्या यादीत जाणं हे खरं काम.

आणखी एक. देशाच्या नियतकालिक अहवालाला २१,२०० शब्दांची मर्यादा आहे. एवढ्या मोठ्या देशाला एवढीच जागा. त्यात बीडच्या वाट्याला एक ओळ आली तरी पुष्कळ, आणि ती आपण दिल्याशिवाय येणार नाही.

पहिली पायरी माहिती अधिकार. दहा रुपयांचा पोस्टल ऑर्डर, अर्ज मराठीत चालतो, कायद्याच्या कलम ६ मध्येच अर्ज करतो त्या भागाच्या राजभाषेची सोय आहे. ताई, अर्जात "अहवाल का दिला नाही" असं विचारू नका. "का"चं उत्तर द्यायला ते बांधील नाहीत. कागद मागा.

---

बालाघाट (धागाकर्ती)

काल रात्री बसून अर्ज लिहिला. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाला. सीडॉच्या सहाव्या अहवालासाठी महाराष्ट्र शासनाला जी पत्रं पाठवली त्यांचे दिनांक आणि प्रती द्या, महाराष्ट्राकडून आलेल्या उत्तरांच्या प्रती द्या, आणि बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या २०१९ च्या पाहणीचा अहवाल त्या पत्रव्यवहारात जोडला असल्यास त्या पत्राची प्रत द्या. बरोबर आहे का, वकीलदादा?

---

खंडपीठ

चौथं वाक्य घाला, "अहवाल तयार करणाऱ्या समितीच्या बैठकांच्या इतिवृत्तांच्या प्रती." आणि परराष्ट्र संबंधांचं कारण देऊन नाकारलं तर लगेच तीस दिवसांत पहिलं अपील करा. मी लिहून देईन.

---

निवृत्त_लिपिक

ताई, माझंही एक ऐका. दिल्लीबरोबर जिल्ह्यालाही अर्ज टाका. आवक-जावक नोंदवहीतली त्या विषयाची पानं मागा. पत्र आलं होतं का, किती तारखेला आलं, उत्तर किती तारखेला गेलं आणि उत्तरात काय होतं, तिथं दिसेल. नोंदवही खोटं बोलत नाही, मी भरलीय ती. नमुना मी तयार करून देतो. आणि तुमच्या नऊ वह्यांची तालुकावार तक्ते करून बेरीज लावायची असेल तर मी घरीच असतो. नावं झाकून द्या, बाकी सगळं मी करतो. या वेळी रेघ मारणार नाही.

---

आशा_पाटोदा

माझ्या वाडीतल्या सतरा जणी बोलायला तयार आहेत. पाडव्यानंतर या.

---

बालाघाट (धागाकर्ती)

दोन्ही अर्ज रजिस्टर पोस्टानं गेले. पावत्या वहीत चिकटवल्या.

काल त्या बाईचा फोन आला होता, कर्नाटकातल्या फडावरून. मुकादमाच्या फोनवरून करत होती म्हणून घाईत बोलली. तिला सांगितलं की तुझ्या प्रश्नाचं उत्तर शोधायला लागलोय, तुझी ओळ तक्त्यात घेतली तर चालेल का, नाव येणार नाही. ती हो म्हणाली. मग म्हणाली, "वय काय लिवताय?" मी म्हटलं, कार्डावर अडतीस आहे. तर म्हणाली, "दोनी लिवा ताई. त्यांचं अडतीस आन् माझं सव्वीस. शेजारी शेजारी लिवा."

काका, तक्त्यात वयाचे दोन रकाने करा.